डॉक्टरला आत कोणी घेतले?

मुंबई-पुण्यात एखाद्या सर्जनची चौकशी करताना लोक हमखास विचारतात, ‘ते कुठे अटॅच आहेत?’ डॉक्टरांचे कन्सल्टिंग एका गल्लीत, पण शस्त्रक्रिया करायची ती कुठल्या तरी मोठ्या हॉस्पिटलात. हॉस्पिटलचे ते नोकर नसतात. तरी तिथल्या ऑपरेशन थिएटरात त्यांना प्रवेश असतो, तिथल्या नर्स त्यांचे ऐकतात आणि रुग्ण त्या हॉस्पिटलच्या नावावर विश्वासून टेबलावर झोपतो. हा प्रवेश त्यांना कोणी दिला आणि काय पाहून दिला, हे विचारावे असे मात्र आपल्या सहसा मनात येत नाही.

अमेरिकेत या प्रश्नाला सव्वाशे वर्षांचा लेखी इतिहास आहे. तो न्यायालयांच्या निकालपत्रांत, चौकशी आयोगांच्या अहवालांत आणि वैद्यकीय संघटनांच्या नियमावल्यांत विखुरलेला आहे. मी डॉक्टर नाही की वकीलही नाही. हौसेने असे कागद वाचत गेलो, तेव्हा ध्यानात आले की हा कोरडा कारकुनी विषय नव्हे. माणसांचे जीव, व्यवसायातली स्पर्धा, वर्णद्वेष आणि सरळसरळ खून, एवढे सगळे त्या अर्जांच्या गठ्ठ्यांत बांधलेले आहे.

सुरुवातीला दोन शब्दांची फोड करू. पहिला ‘क्रेडेन्शियलिंग’. अर्ज करणाऱ्या डॉक्टरची पदवी खरी आहे का, परवाना चालू आहे का, आधीच्या रुग्णालयाने त्याला का सोडले, त्याच्यावर खटले झाले का, याची मूळ ठिकाणी जाऊन केलेली पडताळणी. दुसरा ‘प्रिव्हिलेजिंग’. हा डॉक्टर आमच्या रुग्णालयात नेमके काय काय करू शकेल, हे ठरवणे. सर्जन म्हणून पदवी असली तरी अपेंडिक्स काढण्याची मुभा मिळेल आणि स्वादुपिंडावरच्या शस्त्रक्रियेची मिळणार नाही, असे होऊ शकते. पहिले काम पडताळणीचे, दुसरे पारखीचे. ही दोन कामे वेगळी आहेत, हे पुढच्या सगळ्या गोष्टीत ध्यानात ठेवावे लागेल.

परवाना म्हणजे नुसता उंबरठा

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत अमेरिकेत कोणीही पाटी लावून डॉक्टर होऊ शकत असे. होमिओपॅथ, जडीबुटीवाले, ‘एक्लेक्टिक’ पंथाचे वैद्य आणि विद्यापीठात शिकलेले डॉक्टर एकाच बाजारात बसलेले होते. हळूहळू राज्यांनी परवान्याचे कायदे केले. वेस्ट व्हर्जिनियाच्या कायद्याने तीन वाटा ठेवल्या: मान्य महाविद्यालयाची पदवी, राज्यात दहा वर्षांचा व्यवसाय किंवा मंडळाची परीक्षा. फ्रँक डेंट नावाच्या डॉक्टरला व्यवसायात सहाच वर्षे झाली होती. त्याच्याकडे सिनसिनाटीच्या एका एक्लेक्टिक महाविद्यालयाची पदवी होती, पण मंडळाने ती मानली नाही. त्याने व्यवसाय चालूच ठेवला म्हणून त्याला पन्नास डॉलर दंड झाला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १८८९ साली न्यायालयाने एकमताने निकाल दिला की लोकांच्या जीविताच्या रक्षणासाठी अशी अट घालण्याचा राज्याला अधिकार आहे.

त्या निकालाने परवान्याचा पाया पक्का झाला. पण परवाना एवढेच सांगतो की हा माणूस डॉक्टर आहे. तो बरा डॉक्टर आहे का, हे सांगत नाही. पदवी देणाऱ्या संस्थांचीच अवस्था काय होती, ते १९१० मध्ये उघड झाले. अब्राहम फ्लेक्सनर हा मूळचा शाळामास्तर, वैद्यकाशी त्याचा संबंध नव्हता. कार्नेगी फाउंडेशनच्या वतीने त्याने अमेरिका आणि कॅनडातली १५५ वैद्यकीय महाविद्यालये पाहिली आणि अहवाल लिहिला. कित्येक ठिकाणी प्रयोगशाळा नावापुरती होती आणि रुग्णालयाशी संबंधच नव्हता. त्या अहवालाच्या आगेमागे अनेक महाविद्यालये बंद पडली. त्यात काळ्या विद्यार्थ्यांना शिकवणारी बहुतेक महाविद्यालयेही गेली, दोनच मोठी उरली. सुधारणेचा फटका कोणाला अधिक बसतो, हा प्रश्न तिथपासूनच या इतिहासाच्या मागे लागलेला आहे.

भट्टीत गेलेली यादी

याच काळात बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलात अर्नेस्ट कॉडमन नावाचा एक सर्जन होता. त्याचे म्हणणे साधे होते. प्रत्येक रुग्णाचे पुढे काय झाले, याची वर्षभराने चौकशी करा, शस्त्रक्रिया फसली असेल तर का फसली ते लिहा आणि ते जाहीर करा. या कल्पनेला तो ‘एंड रिझल्ट’ म्हणत असे. रुग्णालयात बढती मिळत होती ती सेवाज्येष्ठतेने. त्याच्या निषेधार्थ त्याने १९१४ साली राजीनामा दिला. पुढच्या वर्षी बोस्टनच्या डॉक्टरांच्या एका सभेत त्याने भलेमोठे व्यंगचित्र उलगडले: वाळूत डोके खुपसलेला शहामृग म्हणजे शहरातले श्रीमंत रुग्ण, आणि तो मागे डॉक्टरांकडे सोन्याची अंडी लोटतो आहे. सभेत गोंधळ झाला. कॉडमनला हार्वर्डमधले स्थान गमवावे लागले. त्याने स्वतःचे छोटे रुग्णालय आधीच काढले होते. तिथून १९११ ते १९१६ या काळात घरी गेलेल्या ३३७ रुग्णांची नोंद त्याने छापली आणि त्यात १२३ चुका स्वतःच मोजून दाखवल्या. १९४० साली तो वारला तेव्हा त्याच्या कबरीवर नावाचा दगडही नव्हता. तो बसवायला २०१४ साल उजाडले.

कॉडमन एकटा पडला, पण त्याची कल्पना अर्धीमुर्धी का होईना, पुढे गेली. १९१३ साली स्थापन झालेल्या अमेरिकन कॉलेज ऑफ सर्जन्स या संस्थेने रुग्णालयांसाठी ‘किमान मानक’ तयार केले. ते जेमतेम एका पानाचे होते. रुग्णालयात काम करण्याची मुभा असलेल्या डॉक्टरांचा एक निश्चित, संघटित वर्ग असावा. त्यात प्रवेश फक्त पदवीधर, परवानाधारक, सक्षम आणि सचोटीच्या डॉक्टरांना द्यावा. रुग्ण पाठवल्याबद्दल फीमध्ये वाटणी घेण्यास बंदी असावी. प्रत्येक रुग्णाची नोंद ठेवावी आणि निदानाच्या सोयी असाव्यात. ‘प्रिव्हिलेज’ या शब्दाचा आजचा रुग्णालयीन अर्थ मुरला तो याच पानापासून.

मग या मानकावर रुग्णालये तपासली गेली. शंभरांहून अधिक खाटांची ६९२ रुग्णालये पाहिली, त्यांतली ८९ उत्तीर्ण झाली. देशातली नामांकित रुग्णालये नापासांत होती. १९१९ साली न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ अस्टोरिया हॉटेलात हे आकडे सांगितले गेले आणि यादी वर्तमानपत्रांच्या हाती लागू नये म्हणून हॉटेलच्या भट्टीत जाळली, असे संस्थेच्या इतिहासात सांगतात. दोष शोधायचा, पण बाहेर कळू द्यायचा नाही, ही सवय त्या भट्टीत जळाली नाही. पुढे १९५१ साली तपासणीचे काम ‘जॉइंट कमिशन’ या संयुक्त संस्थेकडे सोपवण्यात आले. १९६५ मध्ये वृद्धांसाठी मेडिकेअर विमा आला आणि या संस्थेची मान्यता असलेले रुग्णालय सरकारी अटींतही बसते असे मानले जाऊ लागले. तेव्हापासून या एका पानाच्या वारसाला पैशाचे बळ मिळाले.

दार कोणासाठी बंद

‘सक्षम आणि सचोटीचा’ हे शब्द निर्मळ वाटतात. पण सचोटी ठरवणार कोण? अनेक रुग्णालयांनी अट घातली की डॉक्टर स्थानिक वैद्यकीय संघटनेचा सभासद असावा. दक्षिणेतल्या राज्यांत त्या संघटना काळ्या डॉक्टरांना सभासदत्व देत नसत. पदवी होती, परवाना होता, पण सभासदत्व नाही म्हणून रुग्णालयात प्रवेश नाही. अर्जावर वर्णाचा उल्लेख करण्याचीही गरज पडत नसे, नियमच ते काम करत. काळ्या डॉक्टरचा रुग्ण दाखल झाला की तो गोऱ्या डॉक्टरच्या हवाली करायचा, नाहीतर दूरच्या, अपुऱ्या रुग्णालयात न्यायचा.

याला पहिले उत्तर होते स्वतःचे रुग्णालय. १८९१ साली शिकागोत डॉ. डॅनियल हेल विल्यम्स यांनी प्रॉव्हिडंट हॉस्पिटल काढले. तिथे काळ्या डॉक्टरांना जागा होती आणि काळ्या मुलींना नर्सिंगचे शिक्षण होते. मराठी वाचकाला इथे परळ आठवेल. गोवर्धनदास सुंदरदास शेठ यांच्या विश्वस्तांनी वैद्यकीय महाविद्यालयासाठी देणगी देताना अट घातली होती की तिथले अध्यापक सरकारी सेवेत नसलेले, लायक हिंदी डॉक्टरच असावेत. त्या काळी सरकारी रुग्णालयांतल्या वरच्या जागा इंडियन मेडिकल सर्व्हिसच्या अधिकाऱ्यांच्या ताब्यात असत. १९२६ साली उभे राहिलेले जी. एस. मेडिकल कॉलेज आणि के. ई. एम. रुग्णालय हे ‘आत कोणाला घ्यायचे’ या वादातूनच जन्मले. दोन्हीकडे अडचण ज्ञानाची नव्हती, दार सांभाळणाऱ्यांची होती.

दुसरे उत्तर न्यायालयातून आले. १९४६ च्या हिल-बर्टन कायद्याने रुग्णालये बांधायला केंद्र सरकार पैसा देऊ लागले, आणि त्या कायद्यातच ‘वेगळ्या पण सारख्या’ सोयींना वाव ठेवला होता. नॉर्थ कॅरोलायनातल्या ग्रीन्सबरो गावी दंतवैद्य जॉर्ज सिमकिन्स, इतर काळे डॉक्टर आणि रुग्ण यांनी १९६२ साली मोझेस कोन आणि वेस्ली लाँग या दोन रुग्णालयांवर दावा लावला. सरकारी पैसा घेता, मग आम्हाला दार बंद कसे, असा त्यांचा सवाल होता. खालच्या न्यायालयात ते हरले. १९६३ च्या नोव्हेंबरात अपील न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला आणि पुढच्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने त्यात हात घालायचे नाकारले. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने आपल्या वर्णभेदाबद्दल माफी मागितली ती २००८ साली. ग्रीन्सबरोच्या रुग्णालयाने हयात असलेल्या शेवटच्या फिर्यादी डॉक्टरची माफी मागितली ती २०१६ साली.

‘आम्ही फक्त जागा देतो’

तोपर्यंत रुग्णालये एक सोयीचा युक्तिवाद करत आली होती. डॉक्टर स्वतंत्र आहे, आम्ही खाटा, नर्स आणि थिएटर देतो, उपचारांशी आमचा संबंध नाही. १९६० च्या नोव्हेंबरात इलिनॉय राज्यात फुटबॉल खेळताना एका अठरा वर्षांच्या मुलाचा पाय मोडला. चार्ल्सटन कम्युनिटी मेमोरियल हॉस्पिटलात त्या दिवशी आपत्कालीन पाळीवर एक सर्वसाधारण डॉक्टर होता. त्याने पायाला प्लास्टर घातले. मुलाची बोटे सुजली, काळी पडली, बधिर झाली. नर्स पाहत होत्या, डॉक्टरही पाहत होता, पण अस्थितज्ज्ञाला कोणी बोलावले नाही. दोन आठवड्यांनी मुलाला सेंट लुईसला हलवले, तोवर उशीर झाला होता. पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

१९६५ साली इलिनॉयच्या सर्वोच्च न्यायालयाने रुग्णालयाला जबाबदार धरले. तुमचेच पोटनियम आणि तुम्ही मान्य केलेली जॉइंट कमिशनची मानके सांगतात की डॉक्टरांच्या कामावर तुम्ही लक्ष ठेवावे, मग ते का ठेवले नाही? ‘डार्लिंग खटला’ या नावाने हा निकाल प्रसिद्ध आहे. भिंतीवर टांगलेली नियमावली त्या दिवसापासून पुरावा झाली.

पुढचे पाऊल विस्कॉन्सिनने टाकले. मिलवॉकीच्या मिझरिकॉर्डिया रुग्णालयात १९७३ साली एका अस्थिसर्जनने अर्ज केला. आपली मुभा कुठेही नाकारली वा कमी केलेली नाही, असे त्यात लिहिले होते. व्यावसायिक विम्याबद्दलच्या प्रश्नांची उत्तरे कोरी होती. रुग्णालयाने एकाही ठिकाणी फोन केला नाही. केला असता तर कळले असते की शहरातल्याच इतर रुग्णालयांनी त्याला अडवले होते. त्याला नुसते आत घेतले नाही, तर वैद्यकीय वर्गाचे प्रमुखपदही दिले. १९७५ मध्ये त्याने एका रुग्णाच्या खुब्यातला पिनेचा तुकडा काढताना मांडीची मुख्य धमनी आणि नस कापली. रुग्णाचा पाय कायमचा दुबळा झाला. ज्यूरीने रुग्णालयाचा दोष ८० टक्के ठरवला. १९८१ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल उचलून धरला आणि एक कसोटी दिली. रुग्णालयाला काय ठाऊक होते एवढेच पाहायचे नाही, चौकशी केली असती तर काय ठाऊक झाले असते, तेही पाहायचे.

आजचे जाडजूड अर्ज, संदर्भपत्रे, मूळ ठिकाणाहून पडताळणी हे सगळे या वाक्यातून आले. त्या कागदांना नाक मुरडणाऱ्याने मिझरिकॉर्डियाचा निकाल एकदा वाचावा.

पंच आणि प्रतिस्पर्धी

पण डॉक्टरची पारख डॉक्टरच करू शकतात, आणि गावातले दुसरे डॉक्टर म्हणजे त्याचे प्रतिस्पर्धी. ऑरेगनमधल्या अस्टोरिया या लहान गावात एकच रुग्णालय होते आणि तिथले बहुतेक डॉक्टर एकाच क्लिनिकचे भागीदार वा नोकर होते. टिमोथी पॅट्रिक नावाच्या सर्जनने भागीदारी नाकारून स्वतंत्र व्यवसाय सुरू केला. क्लिनिकच्या डॉक्टरांनी त्याच्याकडे रुग्ण पाठवणे, मदतीला जाणे बंद केले. १९८१ साली रुग्णालयाच्या समितीत त्याच्या कामाची चौकशी निघाली. चौकशी करणारे तेच. त्याने राजीनामा देऊन स्पर्धाकायद्याखाली दावा लावला आणि १९८८ मध्ये सर्वोच्च न्यायालयात तो जिंकला.

हा खटला चालू असताना देशभरच्या डॉक्टरांनी प्रश्न केला: उद्या सहकाऱ्याविरुद्ध प्रामाणिकपणे मत दिले आणि त्याने कोट्यवधींचा दावा लावला तर? त्यातून १९८६ चा कायदा आला. सद्हेतूने, रीतसर सुनावणी देऊन केलेल्या परीक्षणाला त्याने संरक्षण दिले. बदल्यात एक राष्ट्रीय नोंदभांडार उभे केले. नुकसानभरपाईची रक्कम दिली गेली, किंवा डॉक्टरची मुभा तीस दिवसांहून अधिक काळ कमी केली, तर तिथे कळवायचे. नव्या डॉक्टरला घेताना आणि पुढे दर दोन वर्षांनी रुग्णालयाने तिथे विचारायचे. हे भांडार १ सप्टेंबर १९९० रोजी सुरू झाले. सामान्य रुग्णाला मात्र डॉक्टरचे नाव घालून त्यात पाहता येत नाही. वॉल्डॉर्फची भट्टी आठवते ती अशा वेळी.

कागद खोटे बोलतात तेव्हा

नोंदभांडाराला ठाऊक असते ते कोणीतरी कळवलेले. मायकेल स्वँगो १९८३ साली इलिनॉयमधून डॉक्टर झाला. ओहायोत इंटर्न असताना त्याच्या आसपास रुग्ण अचानक मरत असल्याचा नर्सना संशय आला. अंतर्गत चौकशीत तो सुटला. रुग्णालयाने त्याला पुढे ठेवले नाही, पण गाजावाजाही केला नाही. १९८५ साली रुग्णवाहिकेवरच्या सहकाऱ्यांना आर्सेनिक घातल्याबद्दल त्याला शिक्षा झाली. सुटल्यावर त्याने ती शिक्षा किरकोळ मारामारीची होती असे दाखवणारे बनावट कागद तयार केले. नागरी हक्क परत दिल्याचे राज्यपालांचे बनावट पत्रही केले. त्या बळावर १९९२ मध्ये त्याला साऊथ डाकोटात आणि पुढच्या वर्षी न्यूयॉर्क राज्यात प्रशिक्षणाची जागा मिळाली. दोन्हीकडे त्याने स्वतःच आणून दिलेला कागद खरा मानला गेला. उघडकीस आल्यावर तिथल्या अधिष्ठात्यांनी देशभरच्या वैद्यकीय महाविद्यालयांना सावध करणारी पत्रे लिहिली. तेव्हा तो झिम्बाब्वेतल्या मिशन रुग्णालयात गेला, आणि तिथेही रुग्ण मरू लागले. १९९७ साली शिकागोच्या विमानतळावर तो पकडला गेला आणि २००० साली खुनांची कबुली देऊन जन्मठेपेत गेला.

दुसरे उदाहरण अमेरिकेत सुरू होऊन ऑस्ट्रेलियात संपते. जयंत पटेल हे जामनगरला शिकलेले सर्जन. २००० साली ऑरेगनच्या वैद्यकीय मंडळाने त्यांच्यावर यकृत आणि स्वादुपिंडाच्या शस्त्रक्रियांबाबत निर्बंध घातले. २००३ साली त्यांनी क्वीन्सलँडमधल्या बंडाबर्ग रुग्णालयात नोकरी धरली. ऑरेगनच्या परवान्याच्या दाखल्यात जोडपत्राचा उल्लेख होता, पण जोडपत्र जोडलेले नव्हते. ते कुठे आहे, असे कोणी विचारले नाही. मुभा ठरवणारी समिती नियमात होती, पण त्यांच्यासाठी ती बसलीच नाही. थोड्याच दिवसांत ते शस्त्रक्रिया विभागाचे प्रमुख झाले. टोनी हॉफमन या नर्सने तक्रारी करूनही वर दाद लागली नाही. २००५ मध्ये एका पत्रकाराने त्यांचे नाव इंटरनेटवर शोधले आणि ऑरेगनचा आदेश समोर आला. पुढे चौकशी आयोग बसले. सदोष मनुष्यवधाच्या शिक्षा २०१२ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या उच्चतम न्यायालयाने रद्द केल्या. एका प्रकरणाच्या फेरखटल्यात ते निर्दोष ठरले. नोकरी आणि नोंदणी मिळवताना केलेल्या फसवणुकीचा गुन्हा मात्र त्यांनी २०१३ मध्ये कबूल केला. एका व्यक्तीच्या दोषापेक्षा या प्रकरणात मोठा दिसतो तो एक न विचारलेला प्रश्न: जोडपत्र कुठे आहे?

तेच कागद, पंचवीस वेळा

अशा प्रत्येक प्रकरणानंतर अर्जाची पाने वाढली. एक डॉक्टर चार रुग्णालयांत जात असेल आणि दहा विमा कंपन्यांच्या यादीत असेल, तर तीच पदवी, तोच परवाना, तीच संदर्भपत्रे प्रत्येकजण नव्याने मागवतो. मंजुरीला दोन ते चार महिने लागणे नवलाचे नाही. तेवढे दिवस खेड्यातले रुग्णालय भूलतज्ज्ञाशिवाय चालते आणि डॉक्टर पगाराशिवाय बसतो. भारतातून गेलेल्यांची वाट आणखी लांब. १९५६ साली स्थापन झालेली ‘ईसीएफएमजी’ ही संस्था परदेशी पदव्या तपासते आणि त्यासाठी पदवी देणाऱ्याकडेच विचारणा जाते. म्हणजे बोस्टनमधल्या मराठी डॉक्टरची फाइल मुंबई, पुणे वा नागपूर विद्यापीठाच्या, किंवा १९९८ नंतर नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या परीक्षा विभागातल्या टेबलावर येऊन थांबते.

उशिराची किंमत संकटात कळली. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर मदतीला धावलेले डॉक्टर खरेच डॉक्टर आहेत का, हे तिथल्या तिथे ठरवणे अवघड झाले. पुढच्या वर्षी काँग्रेसने स्वयंसेवी डॉक्टरांची आगाऊ पडताळणी करणाऱ्या राज्यवार व्यवस्थेला मंजुरी दिली. २००२ पासूनच विमा कंपन्यांच्या एका मंडळाने सामाईक अर्ज सुरू केला. डॉक्टरने माहिती एकदा भरायची, हवी त्याने तिथून घ्यायची. २०११ मध्ये केंद्राने दूरवैद्यकासाठी नियम सैल केला. दूरच्या रुग्णालयाने केलेली पडताळणी, लेखी करार असेल तर, लहान रुग्णालयाला ग्राह्य धरता येऊ लागली. २०१४ मध्ये अनेक रुग्णालयांच्या समूहाला एकच सामाईक वैद्यकीय वर्ग ठेवण्याची परवानगी मिळाली, मात्र प्रत्येक रुग्णालयातल्या डॉक्टरांनी मतदानाने संमती दिली तरच. २०१७ पासून राज्याराज्यांमधल्या कराराने एका अर्जावर अनेक राज्यांचे परवाने मिळू लागले. कोविडमध्ये तर कित्येक राज्यांनी बाहेरच्या परवान्यांना तात्पुरती सरसकट मान्यता दिली.

या सुधारणांत मला एक धागा दिसतो. ज्या सामाईक झाल्या आणि टिकल्या, त्या पडताळणीच्या. पदवी खरी की खोटी, हे सत्य रुग्णालयागणिक बदलत नाही, ते एकदा तपासून सगळ्यांनी वापरावे. मुभेचे तसे नाही. तीनशे खाटांच्या, रक्तपेढी आणि अतिदक्षता विभाग असलेल्या रुग्णालयात जी शस्त्रक्रिया सुरक्षित, ती तीस खाटांच्या रुग्णालयात त्याच हातांनीही धोक्याची. ती पारख ज्याच्या त्यानेच करायची. बंडाबर्गमध्ये दोन्ही सुटले होते, पण पटेलांना रोखू शकली असती ती दुसरी पायरी: आपल्या छोट्या रुग्णालयात कोणत्या मोठ्या शस्त्रक्रिया करू द्यायच्या, याचा निर्णय.

जॉइंट कमिशनने २००७ च्या सुमारास आणखी एक बदल केला. मुभा दिल्यावर दोन वर्षे डोळे मिटायचे नाहीत, डॉक्टरच्या कामाचे आकडे सतत पाहत राहायचे. नव्याने आलेल्याचे काम सुरुवातीला जवळून पाहायचे. कॉडमनने शहामृगाचे चित्र लावले त्याला तेव्हा नव्वद वर्षे होऊन गेली होती.

अर्जातला एक प्रश्न मात्र उलटा लागला. ‘तुम्ही कधी मानसिक आजारासाठी उपचार घेतले आहेत का?’ एप्रिल २०२० मध्ये न्यूयॉर्कच्या आपत्कालीन विभागप्रमुख डॉ. लॉर्ना ब्रीन यांनी आत्महत्या केली. उपचार घेतल्याचे कळले तर परवाना जाईल, अशी भीती त्यांना वाटत होती, असे कुटुंबीयांनी सांगितले. २०२२ मध्ये त्यांच्या नावाने कायदा झाला, आणि कित्येक राज्यांनी व रुग्णालयांनी तो प्रश्न बदलला. आज कामात अडथळा आणणारी काही व्याधी आहे का, एवढेच विचारायचे. रुग्णाचे रक्षण करायला लिहिलेली ओळ डॉक्टरलाच उपचारांपासून दूर ठेवत होती.

आपल्याकडे

आपल्याकडे १९१२ च्या मुंबई वैद्यकीय कायद्याने डॉक्टरांची नोंदणी सुरू केली. त्यालाही शतक उलटून गेले. तरी बनावट पदवीवाल्यांच्या बातम्या वर्षभर येत असतात. रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या ‘एनएबीएच’च्या मानकांत क्रेडेन्शियलिंग आणि प्रिव्हिलेजिंग दोन्ही आहे, पण ती मान्यता ऐच्छिक आहे. गल्लोगल्लीच्या नर्सिंग होमपर्यंत ती पोचलेली नाही. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२४ मध्ये देशव्यापी नोंदवहीचे पोर्टल उघडले. ती पूर्ण झाली तर पहिल्या पायरीचे मोठे काम होईल. दुसऱ्या पायरीबद्दल आपल्याकडे अजून फारसे बोलले जात नाही.

अमेरिकेचा हा इतिहास वाचताना त्यांच्या व्यवस्थेचे कौतुक करावे असे वाटत नाही. तिथे प्रत्येक नियमाआधी कोणाचा तरी पाय, नस किंवा जीव गेला आहे, आणि बऱ्याच नियमांनी कोणाला तरी अन्यायाने बाहेर ठेवले आहे. पण निदान तिथे कोणीतरी दावा लावला, न्यायालयाने कागद मागितले आणि उत्तर छापले गेले. ‘ते कुठे अटॅच आहेत?’ एवढे विचारून आपण थांबतो. त्याच्या पुढचा प्रश्न रुग्णालयाला विचारायचा आहे: तुम्ही त्यांना कोणत्या कामासाठी आत घेतले, आणि शेवटचे कधी तपासले?